पलीकडच्यांची बाजू

९ जानेवारी

मामा,

नमस्कार मनातल्या मनात समजून घे. तुझ्या जावयाला काल नेलं. नदी-गस्तीच्याच गाडीतून नेलं, त्याच्याच हाताखालच्या पोरांनी. एकही जण मान वर करत नव्हता. एकाने तर जाताना ह्याच्या चपला उचलून नीट कडेला ठेवल्या, जणू साहेब संध्याकाळी परत येणारच आहेत.

बेटावर गोळीबार झाल्यापासून तुमच्याकडे फोन लागत नाहीत. पुलावरून आठवड्याला टपालाची एक गाडी सोडतात, तिच्या भरवशावर लिहितेय. गेल्या वर्षी हा तुझ्या केंद्रात अभ्यासक्रमाला आला होता ना, तेव्हाची दोन मिनिटांची चित्रफीत इथे प्रत्येकाच्या फोनवर फिरतेय. तुझं ते गोल टेबल, मागे नकाशा. हा नकाशावर हात ठेवून सांगतोय की नदीतलं बेट तुमच्या देशाचं आहे आणि आमच्याकडचे लोक त्याबद्दल वर्षानुवर्षं खोटं बोलत आलेत. आणि काय बोलतोय, मामा. घरात मीठ कमी पडलं तरी तोंड न उघडणारा माणूस, तिथे वकिलाच्या वरताण बोलतोय. चित्रफीत बेतानेच कापलीय. त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, काही नाही.

मला माहीत आहे हे काय आहे. लग्नाआधी मी तुझ्या वसतिगृहात खोल्या वाटत होते, हा पहिल्या अभ्यासक्रमाला आला तेव्हा तिथेच तर भेटला. पहिल्या दिवशी तू मामीचा स्टीलचा डबा फिरवतोस, ज्याला ज्या देशाची चिठ्ठी येईल त्याने त्या देशाची बाजू मांडायची, आपली नाही. ह्याला तुमची चिठ्ठी आली असणार. पण हे इथे मी कुणाला सांगू? मी नदीपलीकडून आलेली सून. शेजारीण कालपासून माझ्याकडे बघून दार लावून घेते.

केंद्राच्या कागदावर, शिक्का मारून, चार ओळी लिहून दे, की हा धडा होता. सरकारी वकिलांना थेट पाठव. चिमणी विचारतेय बाबा कुठे गेला, मी सांगितलं कामाला. ती म्हणाली, मग टोपी का नाही नेली.

तुझी,
टिल्लू

१६ जानेवारी

प्रिय टिल्लू,

हे पत्र वाटेत उघडून वाचणाऱ्या दोन्हीकडच्या साहेबांना आधी नमस्कार, मग तुला आशीर्वाद. मामी म्हणते, तिला सांग नीट जेव. तर नीट जेव.

आता डोकं शांत ठेवून ऐक. तुझं पत्र मिळाल्या मिळाल्या मी प्रमाणपत्र लिहिलं. तीस वर्षं सरकारात मसुदे लिहून माझी बोटं वाकडी झालीत, त्यातला सर्वांत चोख मसुदा हा असेल. केंद्राचा कागद, गोल शिक्का, माझी सही, खाली संचालक म्हणून पूर्ण हुद्दा. तो हुद्दाच दोन ओळींचा आहे, ‘प्रादेशिक सुरक्षा सहकार्य अध्ययन केंद्र’ एवढं लिहीपर्यंत माणसाची शाई संपते. वाचूनच तुमचा सरकारी वकील निम्मा गार पडेल.

जावईबापूंना भेटायला मिळालं तर सांग, मामा म्हणतो लाज बाळगू नका. तुम्ही माझ्या टेबलाशी बसलेल्या उत्तम माणसांपैकी आहात. शेजाऱ्याची बाजू ज्याने एकदा स्वतःच्या तोंडाने नीट मांडली, तो पुढे बंदूक उचलायच्या आधी फोन उचलतो. माझं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे आणि त्यावर सरकार मला पगार देतं. म्हणून तर त्या खोलीत कागद नाही, पेन नाही, फोन पहारेकऱ्याकडे जमा. इथलं बोलणं इथेच राहील, असा शब्द मी प्रत्येकाचा हात हातात घेऊन देतो. कुणीतरी दुसरा फोन खिशात लपवून आणला. कोण, ते कळलेलं नाही. कळून आता उपयोगही नाही.

आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस घरी येईल. मग सगळे मिळून हसू.

तुझा मामा

२ फेब्रुवारी

मामा,

तुझं प्रमाणपत्र कोर्टात वाचलं. सरकारी वकिलाने वाचलं, आपल्या वकिलाने नव्हे.

त्यात तू लिहिलं आहेस, ‘सदर अधिकाऱ्याने केंद्राने पुरविलेल्या मुद्द्यांच्या आधारे व केंद्राच्या निर्देशानुसार ही मांडणी केली.’ त्याने हे वाक्य दोनदा वाचलं. मग चष्मा काढून न्यायाधीशांना म्हणाला, “म्हणजे परक्या सरकारच्या संस्थेने मुद्दे पुरवले, निर्देश दिले, आणि आपल्या गणवेशातला अधिकारी ते बोलला. आम्ही एवढंच म्हणत होतो, पुरावा नव्हता. तो त्यांनीच शिक्का मारून पाठवला.” वर त्याने हेही शोधून काढलंय की संचालक आरोपीच्या बायकोचा मामा आहे.

जामीन नाकारला. आधी नुसतं बेशिस्तीचं कलम होतं, आता देशद्रोहाचं लागलंय. आपला वकील बाहेर आल्यावर खूप वेळ बुटाची नाडी बांधत बसला. त्याला माझ्याकडे बघायचं नव्हतं.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. तुला मदतच करायची होती. पण आता तू काही लिहून पाठवू नकोस, तुझ्या सहीचं काहीच नको. आपल्याला बाहेरचा माणूस हवा. वकील म्हणतो, खोलीत हजर असलेल्या दुसऱ्या कुणीतरी शपथेवर सांगायला हवं की बाजू चिठ्ठीने ठरल्या होत्या. आणि सर्वांत उत्तम म्हणजे ह्याच्या समोर बसलेला. ह्याला तुमची बाजू आली, म्हणजे तुमच्यापैकी कुणालातरी आमची आली असणार. बेट आमचं आहे, असं तो तुमचा माणूस तेवढ्याच तावातावाने बोलला असणार. तो कोण, मामा? त्याने एवढं सांगितलं तरी खटला कोसळतो. लवकर लिही.

टिल्लू

११ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं पत्र मी मामीला वाचून दाखवू शकलो नाही. तिने स्वतः वाचलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

‘पुरविलेल्या मुद्द्यांच्या आधारे.’ हे वाक्य माझ्या हाताला सवयीने आलं. कुणावर ठपका येऊ नये म्हणून आम्ही सगळं खात्याच्या अंगावर घेतो, आमच्यात त्याला संरक्षण म्हणतात. आयुष्यभर शेजारच्या देशांतली माणसं कसा विचार करतात ते शिकवलं, आणि तुमचा एक सरकारी वकील माझं वाक्य कसं वाचेल, हे मला कळलं नाही. मला रडू येतं, बये. दिवसा कचेरीत दार लावून घेतो.

स्वस्थ बसलेलो नाही. त्या वर्गात तुम्ही-आम्ही सोडून आणखी चार देशांची माणसं होती. सगळ्यांना लिहिलं. एकाने कळवलं, ते सत्र नीट आठवत नाही. निरोपाच्या जेवणाला हाच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला होता की आता आपण भाऊ झालो. दुसऱ्याने प्रकृतीची चौकशी केली, विषयाला हात नाही. तिसऱ्याऐवजी त्याच्या खात्याचं उत्तर आलं, की हा दोन देशांमधला प्रश्न आहे. बाकीच्यांचं काहीच नाही. उन्हाळ्याचा अभ्यासक्रम रद्द झालाय, कारण सगळ्यांनीच नावं मागे घेतली. आचारी विचारत होता की किती जणांचा भाजीपाला मागवू. मी म्हटलं, आपल्या दोघांचा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. समोर कोण होतं, ते मी सांगणार नाही. ज्याने तुमची बाजू मांडली, त्या माणसाने इथे, आमच्या वर्तमानपत्रांसमोर, बेट तुमचं आहे असं मी म्हणालो म्हणून कबूल करायचं? इथे सध्या काय वातावरण आहे ते तुला तिथून दिसत नसेल. जे तुझ्या घरी झालं, तेच त्या घरी होईल. मी त्या माणसाला शब्द दिलाय. माझ्याकडे दुसरं काहीही माग. घर विकून वकील देतो. हे मागू नकोस.

मामा

२४ फेब्रुवारी

माननीय संचालक महोदय यांस,

आपलं पत्र मिळालं. आपण दिलेला शब्द आपण पाळत आहात हे वाचून आनंद झाला. माझ्या नवऱ्यालाही आपण शब्दच दिला होता. त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहेच.

परवा मला त्याला भेटू दिलं. मध्ये जाळी होती. त्याची मान बारीक झालीय, सदऱ्याची कॉलर सगळीकडून उभी राहते. मी त्यालाही हेच विचारलं, समोर कोण होतं सांग. तर तो म्हणाला, “तुझ्या मामाला शब्द दिलाय.” मला हसू आलं, संचालकसाहेब, खरंच आलं. पहारेकरी बघायला लागला. तुम्ही दोघं एकमेकांना शब्द देत बसा. घरात चिमणी त्याची टोपी घालून दारात बसते, बाबाला नेऊन द्यायची म्हणते.

वकील म्हणतो, निकाल पुढच्या महिन्यात लागेल. दहा वर्षं तर नक्की. हल्लीचा मूड बघता जास्तही. दहा वर्षांनी चिमणी कॉलेजला जायच्या वयाची होईल आणि हा म्हातारा. ह्याचा दोष एवढाच की तुम्ही सांगितलेलं काम ह्याने जीव ओतून केलं. बाकीच्यांसारखं थातुरमातुर बोलला असता तर आज घरी असता.

आई गेल्यावर तुम्ही मला सांभाळलंत. मी कधी काही मागितलं नाही, चपलासुद्धा मामी बघून आणायची. आज एकच नाव मागते आहे.

आपली,
वसतिगृहातली माजी कर्मचारी

८ मार्च

टिल्लू,

तू ‘आपली’ लिहिलंस ते मी कितीतरी वेळा वाचलं. ठीक आहे. मला तेच मिळायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात मी एका घरी गेलो. विचारायचंच ठरवून गेलो होतो, वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली. दार उघडल्यावर माझ्या तोंडून निघालं की इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं. मला बसवलं. चहा झाला. तिथे अंथरुणाला खिळलेले एक वडील आहेत, त्यांच्याशी मी गुडघेदुखीवर बोललो. एक लहान मुलगा जमिनीवर पोट टेकून गृहपाठ करत होता. ज्यांना विचारायचं होतं, त्यांच्याच तोंडून कळलं की कामात बढती मिळतेय, यादीत नाव आलंय. मी अभिनंदन केलं आणि उठलो. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मला विचारलं, “सर, तुमची तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, उत्तम आहे.

म्हणजे विचारलं नाही. आणि त्यांना काही कळलंही नाही, तेवढं मी सांभाळलं.

माझ्याकडे आता युक्ती उरलेली नाही. खात्याच्या सचिवसाहेबांकडे गेलो, त्यांनी पाणी दिलं आणि सांगितलं की जावयाचं प्रकरण कचेरीत आणू नका. तुला काय लिहू ते कळत नाही. चिमणीला टोपी घालू दे, काढून घेऊ नकोस.

मामा

२७ मार्च

मामा,

तो घरी आलाय. इथे, आतल्या खोलीत झोपलाय. मी हे लिहिता लिहिता मध्येच उठून त्याला बघून येते.

म्हणजे तू विचारलंस. माझ्या त्या घाणेरड्या पत्रानंतरही गेलास, आणि मला मात्र लिहिलंस की विचारलं नाही. कुणी वाचेल म्हणून तसं लिहिलंस ना? मला आता कळलं. मी तुझे पाय धरायला हवेत.

निकालाच्या आदल्या दिवशी आपला वकील धावत आला. तुमच्या राजधानीत आमची वकिलात आहे, तिथे जाऊन एका बाईंनी शपथेवर जबाब दिला होता. तुमच्या नदी-गस्तीतल्या कप्तान. मी तर इतके दिवस पुरुषच धरून चालले होते. न्यायाधीशांनी तो जबाब स्वतः वाचला. मला पाठ झालाय. “वर्गात मला तुमच्या देशाची चिठ्ठी आली आणि यांना माझ्या देशाची. बेट तुमचं आहे असं मी ठासून मांडलं, बेट आमचं आहे असं यांनी. सत्र संपल्यावर आम्ही दोघं हसलो आणि जेवायला गेलो. यांनी देशद्रोह केला असेल तर मीही केलाय.”

सरकारी वकील उठला, बसला, पुन्हा उठला. तिने स्वतःच्या देशाविरुद्ध बोलल्याचं स्वतः लिहून दिलंय म्हटल्यावर, ती ह्याच्यासाठी खोटं बोलतेय असं तरी कसं म्हणणार? दुपारी सोडलं. नोकरी गेली, ते त्यांनी तिथेच सांगून टाकलं. जाऊ दे नोकरी. चिमणीने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, ती त्याला आता मोठी होते.

त्या कप्तानबाईंना माझा नमस्कार पोचव. काय सांगशील ते तुझ्या शब्दांत सांग, माझ्याकडे नाहीत.

तुझी तुझी तुझी,
टिल्लू

५ एप्रिल

प्रिय टिल्लू,

जावईबापू घरी आले हे वाचून मामी पहिल्यांदा पोटभर जेवली. त्यांना दूध पाजत जा, सकाळ-संध्याकाळ.

पण मी विचारलं नव्हतं गं. मला खरंच वाटलं होतं की त्यांना काही कळलं नाही. त्या दिवशी चहाचा कप माझ्या हातात वाजत होता, तेवढ्यावरून त्यांनी काय ते ओळखलं. समोरचा न बोलता काय मागतोय ते ओळखा, हे मीच शिकवतो त्यांना.

तुझा नमस्कार पोचवता येणार नाही. आमच्या वर्तमानपत्रांनी त्यांचा जबाब मिळवला आणि त्यातलं अर्धंच वाक्य पहिल्या पानावर छापलं. ‘बेट तुमचं आहे असं मी ठासून मांडलं.’ पुढचं अर्धं नाही. खाली त्यांचा गणवेशातला फोटो. दुसऱ्या दिवशी त्यांना गस्तीच्या नावेवरूनच उतरवून नेलं. घराच्या काचा फोडल्या. मी गेलो होतो. वडिलांना अंथरुणासकट शेजारच्या खोलीत ओढून नेलं होतं, खिडकीपासून लांब. मुलाने माझ्याकडे पाठ केली. का नाही करणार?

त्यांच्यावर तेच कलम लावलंय, जे तुमच्याकडे लावलं होतं. इकडचं पुस्तक वेगळं, वाक्य तेच.

सचिवसाहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, ती त्यांनी मला कधी दिली नव्हती. म्हणाले, “तुम्ही शांत राहा. एका अधिकाऱ्याने वैयक्तिक पातळीवर अतिरेक केला, केंद्राचा संबंध नाही, एवढं आपण म्हणू. केंद्र वाचेल, तुमचं निवृत्तिवेतन वाचेल.” टाचणीने कागद लावून ठेवलाय, माझी सही तेवढी हवी. मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्यावर ते म्हणाले की तुम्ही विचारी माणूस आहात म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत.

हॉलमधलं गोल टेबल कापडाने झाकून ठेवलंय. आज मी त्याच्यापाशी उगाच बसून आलो.

मामा

१४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मी लपवायला हवं होतं. मूर्खासारखं टेबलावर ठेवलं आणि ह्याने वाचलं.

पत्राची घडी करून त्याने जागेवर ठेवलं. चिमणीला आंघोळ घातली, तिचे केस विंचरले, वेणी वाकडी घातली. मग माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, “ती माझ्यासाठी बोलली. तिच्यासाठी बोलायला माझ्याशिवाय कोण आहे?”

म्हणजे तुमच्याकडे येऊन, तुमच्या कोर्टात उभं राहून सांगायचं, की चिठ्ठी मला ह्या देशाची आली होती आणि तिला त्या देशाची. मी म्हटलं, तू पूल ओलांडलास की इथले म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतोच. परत येता येणार नाही तुला. तिकडचे तरी तुला धरायचे थांबतील का? तो म्हणाला, माहीत आहे. नुसतं माहीत आहे म्हणाला. मी रडले, भांडले, ताट आपटलं. चिमणीला पुढे केलं, एवढी मी खाली उतरले.

मामा, मी तुझ्याकडे हात जोडून एक नाव मागत होते. त्या बाईंचं पुढे काय होईल, त्यांना मूल आहे की नाही, मी एकदाही विचारलं नाही. आज हात जोडून उलटं मागतेय. त्याला लिही, येऊ नका. तुझं तो ऐकेल, माझं ऐकत नाही. लिही की उपयोग नाही, लिही की त्या सुटणारच आहेत, खोटं लिही. मी वाईट आहे, मला ठाऊक आहे. त्या बाईंच्या मुलाचा विचार मनात येतो आणि मी तो ढकलून देते. माझा माणूस मला एवढ्यातच परत मिळालाय. त्याचं वजनसुद्धा अजून भरलेलं नाही.

पुढच्या टपालाने उत्तर पाठव. तोपर्यंत मी त्याला कसंही धरून ठेवते.

टिल्लू

२० एप्रिल

टिल्लू, हे पत्र त्यांना दे. उरलेलं तुझ्यासाठी खाली आहे.

जावईबापू,

तुम्ही यायचं नाही. ही विनंती नाही. मामेसासऱ्याचा मान म्हणून समजा, किंवा माझ्या टेबलाशी दोनदा बसलात म्हणून समजा.

तुम्ही म्हणालात, बोलायला माझ्याशिवाय कोण आहे. डबा माझा. चिठ्ठ्या मी माझ्या अक्षरात लिहिलेल्या. कप्तानबाईंच्या समोर डबा मी धरला आणि त्यांनी तोंड वाकडं केलं तेव्हा मी म्हटलं की जमेल तुम्हाला, जीव ओतून बोला. हे सगळं बघणारा त्या खोलीत मी होतो. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, असं लिहिणार होतो. खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवसापासून सुचली होती. मी शब्दाच्या आडून बसलो होतो. खोलीतलं बाहेर सांगायचं नाही, हा शब्द मी तुम्हाला वाचवायला दिला होता, आणि मग तोच पांघरून मी घरात बसून राहिलो.

काल राजीनामा दिला. सचिवसाहेबांच्या कागदावर सही केली नाही. येत्या शुक्रवारी कोर्टात त्यांच्या बाजूने साक्ष देतो आहे. सांगणार आहे की शेजारी देशाची बाजू मांडायचा हुकूम माझा होता, दरवर्षी असतो, आणि तो पाळला म्हणून कुणाला शिक्षा करायची असेल तर हुकूम देणाऱ्यापासून सुरुवात करा. कप्तानबाईंच्या वकिलाने मला सावध केलंय की असं म्हटल्यावर मी कोर्टातून घरी येण्याची शक्यता कमी आहे. मी म्हटलं, चालेल. एकदा तरी माझं वाक्य मी कुणाच्या खात्यावर न ढकलता बोलतो.

माझी साक्ष पुरेशी आहे. वकिलांनी तसं सांगितलंय. तुम्ही आलात तर तुमच्या येण्यानेच ती बिघडेल, दोन्हीकडच्या लोकांना नवा तमाशा मिळेल. तेव्हा घरी राहा, दूध प्या, वेणी सरळ घालायला शिका.

टिल्लू, आता तू. तू वाईट नाहीस. तू माझ्यावर चिडलीस तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे आत्ता सांगतो. मी भ्यालोय, बाळा. हात गार पडलेत, मामी सारखी शाल आणून टाकते. पण पुष्कळ दिवसांनी मला आज झोप येतेय. शुक्रवारनंतर पत्र आलं नाही तर घाबरू नकोस. त्याला मात्र धरून ठेव.

मामा

२८ एप्रिल

मामा,

तुझं पत्र आज आलं. तो काल गेला.

सकाळी मी चिमणीला घेऊन दवाखान्यात गेले होते, तिला ताप होता. परत आले तर भांडी घासून पालथी घातलेली आणि अंथरुणाची घडी केलेली. शेजारणीने पहिल्यांदा दार उघडलं आणि सांगितलं की तो पुलाकडे चालत गेला, पांढरा सदरा घालून, हातात काही नाही. पुलावर त्याची जुनी गस्तीची पोरं होती. त्यांनी अडवलं नाही. कुणी म्हणतं तोंडं फिरवली, कुणी म्हणतं सलाम केला. टपालाची गाडी त्याच वेळी इकडे येत होती. म्हणजे तुझं पत्र आणि तो पुलावर एकमेकांच्या बाजूने गेले, मामा. हातभर अंतरावरून. ते टपाल इथे वाटायला एक दिवस लागला.

शुक्रवार होऊन गेला. तिथे काय झालं, मला काही कळायला मार्ग नाही. तू बोललास का, तू कुठे आहेस, तो पोचला का, पोचला तर कुठे. मी तुला ओरडले होते की तुम्ही दोघं शब्द धरून बसा. आता दोघांनीही तो सोडला आणि मी इथे तापलेलं मूल मांडीवर घेऊन बसलेय. मला तुमचा दोघांचा इतका राग येतोय आणि इतका अभिमान वाटतोय, की नक्की कशाने रडतेय तेच कळत नाही.

पत्ता घराचाच घातलाय. तू असलास तर वाच.

आणि मामी, हे तू वाचत असशील तर मामा घरी नाही, हे मला कळलं. मग माझं एवढं काम कर. तू कधी कोर्टाची पायरी चढली नाहीस, मीही चढले नव्हते. डबा-पाणी घेऊन लवकर जा, पुढच्या बाकावर बस, कुणी उठवलं तरी उठू नकोस. नाव पुकारलं की कारकून विचारतो, आरोपीच्या घरचं कुणी आलंय का. विचारताना तो वर बघत नाही, पण त्याला मोठ्याने हो म्हणायचं. आरोपीला ते मागे उभं राहून ऐकू येतं. ह्याने मला सांगितलंय, आत असताना दिवसभर तेवढंच एक लक्षात राहतं.

मामासाठी हो म्हण. ह्याचं नाव पुकारलं तर ह्याच्यासाठी म्हण. आणि कप्तानबाईंचं पुकारतील तेव्हाही म्हण, त्यांचे वडील उठू शकत नाहीत आणि मुलगा लहान आहे, तेव्हा त्यांच्या घरचीही तूच हो.

टिल्लू